रेषेवरचं पाणी

अकोला,
७ जुलै २०२४

ती. दादास,
शुभमचा साष्टांग नमस्कार. इकडे सगळे बरे आहेत. तूही बरा असशील असं धरून लिहितो.

रविवारी तुझा फोन आला की बाबा स्पीकर लावून घरभर ऐकवतात, त्यामुळे कामाचं बोलणं होत नाही. मोबाइलवर टाइप करताना माझ्या वेलांट्या चुकतात आणि चुकलेलं पाठवलं की मला झोप येत नाही. म्हणून कागदावर लिहून फोटो पाठवतो आहे. तूही तसंच कर.

खुशीला सीईटीत चांगले गुण मिळाले. इथल्या कृषी विद्यापीठात तिला नक्की जागा मिळेल, असं तिच्या बाई सांगतात. बाबा मात्र पोरीला अमरावतीबाहेर ठेवायला राजी नाहीत. मागच्या आठवड्यात मळ्यावर गेलो तेव्हा मी विषय काढला. ते म्हणाले, "शेखर म्हनन तसं करू. तिकडं तो फुलंच पाहून राहिला ना, त्याले कयते." म्हणजे सगळं तुझ्या एका शब्दावर आहे. येत्या रविवारी फक्त हो म्हण. माझ्या घरमालकीणबाई, मनकर्णाबाई, तिला खालची खोली द्यायला तयार आहेत, हेही सांग.

माझं बारावीवर राहिलं. दिवसभर नळ आणि वॉशबेसिन विकतो, त्याचं दुःख नाही. पण गुलाबाचं कलम करताना खुशी डोळे तुझ्याहून सफाईनं भरते, हे तू स्वतःच कबूल केलं होतंस.

विषुववृत्तावरच्या उंच डोंगराळ भागात, फुलांच्या मळ्यात स्वेटर घालून काम करणारा माणूस आमच्या घरातला आहे, हे गिऱ्हाइकांना खरं वाटत नाही. मला मजा येते.

माया आहे तशीच ठेव.
तुझा,
शुभम


नान्युकी, केनिया,
१४ जुलै

चि. शुभम यास,
अनेक आशीर्वाद. पत्र मिळालं. वेलांट्या सगळ्या जागच्या जागी आहेत, शांत झोप.

काल सुटी होती म्हणून विषुववृत्ताच्या पाटीपाशी गेलो. तिथं एक माणूस बुडाला भोक पाडलेलं घमेलं घेऊन उभा असतो. रेषेच्या उत्तरेला थोडा चालत गेला, घमेलं तिवईवर ठेवून पाणी ओतलं, वर एक काडी टाकली. काडी घड्याळाच्या काट्यांसारखी फिरू लागली. दक्षिणेला गेला तर उलटी. आणि नेमकं रेषेवर आला तर काडी हललीच नाही, पाणी सरळ खाली गेलं. पाणी गळत असताना तो हात पाठीमागे बांधून उभा राहतो, कोणाला शंका नको म्हणून. मी तर बघतच राहिलो.

खुशीचं म्हणशील तर मीही त्या रेषेवरच उभा आहे. तुझं पटतं, बाबांचंही पटतं. इतक्या लांबून मी कशाला कोणाला वळवू? याबाबत मी बाबांना आजवर काही बोललो नाही आणि बोलणारही नाही. व्हायचं ते आपोआप होऊ दे.

रेषा ओलांडल्याचं तिथं प्रमाणपत्र देतात. खुशीच्या नावाचं करून घेतलं. माणूस आला नसला तरी लिहून देतात. इथला एक सोबती सुटीवर येतो आहे, त्याच्याकडे पाठवतो. तिला आनंद होईल.

तब्येतीला जप.
तुझा दादा,
शेखर


अकोला,
२८ जुलै

ती. दादास,
नमस्कार. तुझं पत्र मी पुन्हा पुन्हा वाचलं. राग मानू नकोस, पण मला ते घमेलं काही केल्या पटेना. अकोला रेषेच्या चांगलंच उत्तरेला आहे, मग इथं पाणी कायम एकाच बाजूनं फिरायला हवं. दुकानात मांडणीतलं एक बेसिन आहे, त्यात करून पाहिलं. उजव्या बाजूनं बादली ओतली की झेंडूची पाकळी एका दिशेनं फिरते, डाव्या बाजूनं ओतली की दुसऱ्या. ओतून पाणी बराच वेळ स्थिरावू दिलं तर कधी अशी, कधी तशी, कधी फिरतच नाही. शेठ म्हणाले, गिऱ्हाईक पाहून राहिलं, येडा समजन.

रोहित सर म्हणून विज्ञानाचे मास्तर नळ न्यायला आले होते, त्यांना विचारलं. पृथ्वीच्या फिरण्यानं वादळं वळतात हे खरं, पण घमेल्याएवढ्या पाण्यात तो जोर कळण्यासारखा नसतो, असं ते म्हणाले. ओतताना पाण्याला जरा झोका बसला की तो पाण्यात राहतो आणि भोकापाशी दिसू लागतो. तुझ्या त्या माणसानं हात मागे बांधले ते ओतून झाल्यावर, दादा. ओतताना नव्हे.

असो. मागच्या रविवारी माझ्यासमोर बाबांनी तुला विचारलं तेव्हा तू "तुमी म्हनान तसं" म्हणालास आणि पावसाची चौकशी करू लागलास. खुशी शेजारी बसून हार ओवत होती. तिचा दोरा तिथंच थांबला. प्रवेशाची मुदत पोळ्याच्या आत संपते. अजून वेळ आहे. एकदा स्पष्ट बोल, एवढी माझी विनंती आहे.

तुझा,
शुभम


नान्युकी,
११ ऑगस्ट

चि. शुभम यास,
आशीर्वाद. त्या घमेल्यातली लबाडी इथं सगळ्यांना ठाऊक आहे, मलाही होती. लोक लांबून येतात, हसत परत जातात. त्यात कोणाचं काय गेलं? जे ते तपासून पाहायची तुझी खोड सोड, त्यानं माणसं तुटतात.

बाबांकडे खुशीसाठी शेंदूरजनाघाटचं एक स्थळ आलं आहे असं ऐकतो. संत्र्याची बाग आहे, मुलगा निर्व्यसनी आहे. माझा यात काही हात नाही. बाबांशी भांडू नकोस.

शेखर


अमरावती,
१५ सप्टेंबर

ती. शुभमदादास,
खुशीचा नमस्कार. पोळ्याला तू येऊन भांडून गेलास, बाबा त्या दिवशी जेवले नाहीत. आता पुन्हा भांडू नकोस. मुदत संपली.

शेंदूरजनाघाटची मंडळी पाहून गेली. काय काय येतं म्हणून विचारलं. मी स्वयंपाकाच्या आधी कलमं सांगितली. होणाऱ्या सासूबाई म्हणाल्या, ते आमच्याकडे गडीमान्सं करतात. पसंती कळवली आहे. मला कोणी विचारलं नाही, म्हणजे माझीही पसंती असावी.

मोठ्या दादाचं प्रमाणपत्र आलं. नाव सुरेख छापलं आहे. या वर्षी माझ्या नावाचं आलेलं हे एकच. बाबा इतवारा बाजारातल्या व्यापाऱ्यांना दाखवून आले.

रडते आहे असं समजू नकोस. दसऱ्याचा हंगाम तोंडावर आहे, हात रिकामे नसतात. लग्नात मला पोपटी साडी घेऊ नकोस, एवढं माझ्यासाठी कर.

तुझी,
खुशी


अकोला,
१ डिसेंबर

ती. दादास,
नमस्कार. लग्न झालं. तू फोनवर दिसलास, अक्षता टाकल्यासारखा हातही केलास.

पंगत उठल्यावर नवरदेवाचे काका ओमप्रकाशजी मला भेटले आणि त्यांनी मिठी मारली. शेखररावांचे फार उपकार आहेत, म्हणाले. जूनमध्ये त्यांनीच फोन करून मुलगी सुचवली, दिवाळीनंतर लगेच उरकून घ्या एवढीच त्यांची गळ होती. माझं पहिलं पत्र जुलैचं आहे.

मंडपामागे मी बाबांना विचारलं. त्यांनी काही लपवलं नाही. म्हणाले, "बहिनीचं झाल्याबिगर तुयं लगन नाही, एवढंच मी त्याले बोललो होतो. मंग त्यानंच म्हनलं, शिकवू नका, उजवून टाका. तुले सांगू नका म्हने." त्यांनाही वाईट वाटत असावं. मंडपातली तुटलेली फुलं ते उगीच वेचत होते.

काल घरच्या ग्रुपवर तुझ्या नैरोबीतल्या साखरपुड्याची पत्रिका आली. मुलगी छान दिसते.

परवा खुशीकडे जाऊन आलो. तुझं प्रमाणपत्र तिच्या सासऱ्यांनी फ्रेम करून बैठकीत टांगलं आहे. सून विषुववृत्त ओलांडून आली, असं ते येणाऱ्याजाणाऱ्याला सांगतात. मी असताना एक पाहुणे आले होते. तिकडे पाणी कोणत्या बाजूनं फिरतं, असं त्यांनी तिला विचारलं. घमेल्याचं आणि जूनच्या फोनचं तिला मी आधीच सांगितलं होतं. चहाचा ट्रे हातात धरून ती म्हणाली, "मी नव्हती तिथं. ओतनारा माह्या भाऊ होता, त्याले विचारा." सासरे हसले, सून लाजते म्हणाले.

पाहुण्यांना मी तुझा नंबर दिला आहे. त्यांचा फोन आला तर त्यांना सांग. मला कळवू नकोस.

माया ठेव असं या वेळी लिहीत नाही.

शुभम