तहानीची जागा

३ ऑक्टोबर
दमनहूरच्या इस्पितळात आज रुजू झाले. मेट्रन इन्शिराह मॅडमनी स्वतः चहा पाजला. म्हणाल्या, रातिबा, इथे आपण सगळ्या बहिणी. ड्युटी आठ ते दोन. म्हणजे शहद शाळेतून यायच्या आत मी घरी. हे गेल्याला दोन वर्षं झाली, तरी पोर रिकाम्या घरात पाऊल टाकत नाही. दाराबाहेर पायरीवर बसून राहते. या वेळेसाठीच तर नोकरी धरली.

७ ऑक्टोबर
बहिणींतही सख्ख्या-सावत्र आहेत. मॅडमच्या दोन भाच्यांना दर शुक्रवारी सुटी आणि खिडक्यांचा वॉर्ड. मला मागचा जुना वॉर्ड. झाडूवाली बहिया हसत म्हणाली, ड्युटीच्या तक्त्यावर भाच्यांची नावं पेन्सिलीनं असतात, बाई, हवी तेव्हा खोडता येतात. तुझं शाईनं लिहिलंय, आता बस.

११ ऑक्टोबर
तहानी नावाची नर्स रोज गैरहजर. मॅडमनी हजेरीपुस्तक पुढे केलं. तपासणी आहे, बाळा, जागा रिकामी दिसायला नको, तिची सही तू करून टाक. इथे सगळ्याच एकमेकींसाठी करतात. नवी मी, नाही कशी म्हणू? केली.
बहियानं पाहिलं आणि केर तिथेच टाकून निघून गेली.

१२ ऑक्टोबर
बहिया शेवटी बोलली. तहानीच्या छातीत दुखत होतं. तिनं तीनदा रजा मागितली. मॅडम म्हणाल्या, नाटकं पुरे, जागेवर कोणी आलं की जा. कोणी आलं नाही. चौथ्या खाटेजवळच्या खुर्चीत बसल्या बसल्या गेली. नाव मात्र पुस्तकातून काढलं नाही.
बहिया म्हणाली, जागेवर कोणी यायची वाट बघत होती बिचारी. तू सही केलीस. सुटली ती.

१४ ऑक्टोबर
आज फक्त माझी सही केली. हात रातिबा लिहितो, कागदावर तहानी उमटतं. तक्त्यावर माझं नाव नाही. शाई अशी कशी गेली? मॅडमना विचारलं. हसल्या. म्हणाल्या, तहानी, कामाला लाग.

१७ ऑक्टोबर
दोन वाजून गेले. जागेवर कोणी नाही. चौथ्या खाटेवरचे म्हातारबा म्हणाले, तहानी, परत आलीस होय, पोरी? छातीत कळ. त्या खुर्चीत बसणार नाही मी. पाय मात्र —

१८?
घड्याळात दोन. मघाशीही दोनच होते. रजा मागितली. नाटकं पुरे, म्हणाल्या.
बसले.
शहद पायरीवर असेल.

—
नवी मुलगी आलीय. हसरी. मॅडम तिला चहा पाजताहेत. सांगताहेत, तहानी रोज गैरहजर असते — मी इथे बसलेय, इथे — पुस्तक पुढे केलं. ओरडायला हवं. नको करूस म्हणून ओरडायला —
पण पायरीवर शहद —
कर, बाळा. कर सही. लवक—