पुढच्या दाताची शेड

१४ ऑक्टोबर, मंगळवार.

सकाळी रंगाच्या कारखान्यात गेलो. दोन शेड जुळवल्या, एक परत पाठवली. घरी येऊन जेवण कोमट होईपर्यंत थांबलो, मग जेवलो.

आक्कांस वाकून नमस्कार. (कंबर शाबूत आहे. दुखतात ते दात.) तुमचा गुडघा कसा आहे?

तुमची धाकटी बहीण जाऊन आठ महिने झाले. गेल्या आठवड्यात तिचं कपाट आवरायला घेतलं (लेकीने तिसऱ्यांदा बजावलं म्हणून), तर कपड्यांखाली दात पांढरे करायचा घरगुती संच निघाला. वर तिच्या अक्षरात चिठ्ठी : ‘ह्यांच्यासाठी. लेकीच्या लग्नाच्या फोटोआधी. चिडतील.’ मी चिडलो नाही. कपाट तसंच टाकून आरशासमोर बसलो.

साच्यात जेल भरून दिवसाआड अर्धा तास, असं डब्यावर लिहिलं होतं. मी रोज तासभर लावलं. आमच्या धंद्यात एका हातात रंग कधी बसत नाही, दुसरा द्यावाच लागतो. पाचव्या दिवशी गार पाण्याचा घोट घेतला आणि कळ थेट कानशिलात गेली. मग वाराही सोसेना, म्हणून कामावर ओठ घट्ट मिटून बसलो. साहेबांनी खांद्यावर हात ठेवला, “मोकळे व्हा हो, काहीतरी बोला.” (वर पंखा जोरात होता.) मी नुसती मान हलवली. त्यांचेच डोळे भरून आले आणि मला अर्ध्या दिवसाची रजा मिळाली.

गुण मात्र आला. कारखान्याचं शेडकार्ड दाताला लावून पाहिलं, दात दोन घरं उजळलेत. फक्त पुढच्या एका दातावर कॅप आहे, ती जशीच्या तशी. बारा वर्षांपूर्वी तिचा रंग मीच खिडकीच्या उजेडात जुळवला होता, आणि तुमची धाकटी भेटेल त्याला विचारायची, “ओळखा बघू, नकली कुठला?” आता कुणीही ओळखेल.

दातांच्या डॉक्टर हसल्या. “काका, कॅपवर जेल चालत नाही. आता बंद करा. कळा थोड्या दिवसांत जातील.” आणि बाकीचे दात? “चहा पिता ना? मग येतील हळूहळू कॅपच्या जवळ.” लग्नाला पाच आठवडे आहेत. जमेलसं वाटतं.

आपला,
धाकटीचा नवरा

ता. क. लेकीने एकच मागितलंय : “बाबा, नोंदणी कार्यालयातल्या फोटोत हसा.” दातांचं नुसतं निमित्त आहे, आक्का. आजवर फोटोत जे काही हसलो, ते तुमची धाकटी डावीकडून कोपर मारायची म्हणून. त्या दिवशी डावीकडे तुम्ही उभ्या राहाल का? जरा जोरात मारा. तशीच सवय आहे.

ता. क. २. कपाट रविवारी आवरेन. चिठ्ठी पाकिटात ठेवली आहे. आता कपभर चहा टाकतो आणि पुढच्या दातांवरून सावकाश पितो.