मथीला कोणतं शहर दाखवावं

ता. ३ जानेवारी १९३५. लोणावळे.
रेल्वेचा फुकट पास मंजूर. दोन माणसं, जाऊन-येऊन, कुठंही. म्हणजे आपल्या कंपनीचे रूळ जिथवर आहेत तिथवर. हेडक्लार्क म्हणाला, "गावाचं नाव सांगा, आत्ता लिहितो." म्हटलं, विचार करून सांगतो. हसला. विचार करणं ही वस्तू त्यानं कधी जवळून पाहिलेली नाही.
मथीला सातवं लागलं. एखादं जुनं, राजेरजवाड्यांचं शहर तिला दाखवायचं असं तिच्या आईच्या मनात होतं. ती गेली आणि ते राहून गेलं. या खेपेला नेणारच.

ता. ५.
बातमी फुटली. लोणावळ्याची हवा चांगली म्हणतात. हवेपेक्षा इथल्या जिभा जास्त खेळत्या आहेत. खिडकीवरचा बुकिंगवाला म्हणतो आग्रा. शाळेचे मास्तर म्हणतात दिल्ली. दोघंही कल्याणच्या पुढं गेलेले नाहीत. आणि आग्रा! आई जाऊन वर्ष होतंय त्या पोरीला नवऱ्यानं बायकोसाठी बांधलेलं थडगं दाखवायचं? डोकं आहे का दुधी भोपळा?
मथीलाच विचारलं. "राजा असेल तिथं." राजे संपले म्हटलं, आता मामलेदार असतात. "मग मामलेदार कशाला बघायचा?" हुशार आहे. माझ्यावर गेली.

ता. ८.
माझी थोरली बहीण आक्का तळेगावाहून येऊन टपकली. हिचं म्हणणं सातारा. किल्ला आहे, गादी आहे, पोरीला इतिहास कळेल. शेवटी हळूच, "आणि तिथं एक मुलगी आहे, मराठी सातवी झालेली. सहज चहाला जाऊन ये." असं हिचं इतिहासप्रेम. म्हटलं, बायको गेली म्हणून मी काय लगेच बाशिंग बांधून बसलोय? तर म्हणते, "तुझ्या जिभेपुढं टिकणारी दुसरी कुठून आणणार रे? ती बिचारी टिकली." चहा न घेता गेली. बरं झालं, दूध वाचलं.

ता. ९.
शेजारची सगुणाबाई आज कुरवंड्याला जाऊन उशिरा आली. मी मालगाडीवर गार्डाच्या ड्यूटीला असतो तेव्हा मथी तिच्यापाशी असते, त्यामुळे तिलाही मत असतं. "भाऊ, लय लांब न्हेऊ नगा पोरीला. हितं लोहगड हाय, राजमाची हाय. त्यो काय कमी जुना हाय व्हय?" म्हटलं, शहर ते शहर. "शेरात काय आस्तं? मानसंच न्हवं? ती उन्हाळ्यात हितं बी येत्यात की, पायलीला पन्नास." मुद्दा चुकीचा नाही. बंगलेवाले शेठ येतात, कड्यावर उभे राहून "वा वा" करतात आणि भजी खाऊन जातात. पण हे तिच्यापाशी कबूल करायचं म्हणजे उद्यापासून घर तीच चालवणार.

ता. १२.
वर्षश्राद्ध झालं. विजापूरहून ताई आणि तिचे वकील यजमान आले होते. ताई म्हणजे मथीच्या आईची थोरली बहीण. पान वाढल्या वाढल्या सुरुवात. "दत्तोपंत, मथीला आमच्याकडे द्या. तुम्ही रात्री-बेरात्री गाडीच्या शेपटाला कंदील घेऊन बसणार. पोर शेजारणीच्या जिवावर. आमच्याकडे शाळा आहे, घर आहे, मूल तेवढं नाही." वकील सुपारी कातरत बसले होते. कोर्टातही एवढंच करत असावेत.
म्हटलं, पोर माझी आहे. ताई म्हणाली, "मग पोरीलाच विचारा की."
म्हटलं, खुशाल.
"इथं नको. चार दिवस आमच्याकडे राहू दे, आणि मग. ती म्हणेल ते तुम्हाला मान्य?" हो म्हटलं. शब्द दिला. दुसऱ्याच दिवशी "बाबा, घरी चला" म्हणून भोकाड पसरेल आणि ताईचं तोंड कायमचं बंद. शिवाय विजापूर आदिलशाहीची राजधानी. शहराचाही प्रश्न सुटला. एका दगडात दोन पक्षी.

ता. १४.
हेडक्लार्क: "विजापूर? तिथं आपली लाइन नाही. होटगीपर्यंत पास, पुढं तिकीट काढा." गार्डाला शिकवतोय. "जाताना दोन, येताना दोन?" नाहीतर काय, म्हटलं, येताना तीन? फिदीफिदी हसत लिहिलं.
संक्रांत. मथीनं सगळ्या चाळीला तिळगूळ वाटला. मला देताना "गोड बोला" म्हणाली, तर सगुणाबाई तोंडाला पदर लावून हसत सुटली. हसण्यासारखं काय होतं देव जाणे.

ता. १८. विजापूर.
पोचलो. होटगीच्या पुढची गाडी म्हणजे खेळणं. चाल बैलाची, ऐट मेलची. गार्डाची शिटीसुद्धा पोरकट.
वकिलांचं घर मोठं आणि रिकामं. ताईनं मथीसाठी नवं परकर-पोलकं शिवून ठेवलंय. उघड उघड लाच. मथी घातल्यापासून आरशापुढून हलत नाही. आणि सारखी बोलतेय. लोणावळ्याला सकाळ-संध्याकाळ मिळून बोलते तेवढं इथं जेवता जेवता बोलली. हवापालट, दुसरं काय.

ता. २०.
अजून रडली नाही. लाजत असेल.
मोठी तोफ बघितली. तोंडाशी सिंह कोरलाय आणि त्याच्या जबड्यात हत्ती. मथी म्हणाली, "एवढा हत्ती गिळला तर सिंहाचा घसा दुखेल." म्हटलं, धातूचा सिंह तो, घसा कसला दुखतोय, खुळी कुठली. वकिलांना मात्र त्याचं कोण कौतुक! "खरंच की गं, याला हळद-दूध द्यायला हवं." साठीला आलेला माणूस. मग दोघं मिळून सिंहाला हळद-दूध पाजत बसले. ऊन चढलं तरी यांचं संपेना. परत येताना ती त्यांचा हात धरून चालली. रस्ता त्यांच्या ओळखीचा, म्हणून असेल.

ता. २२.
गोल घुमट. आग्र्याला नावं ठेवली आणि शेवटी थडगंच बघितलं. असो.
पायऱ्या चढून वर. वकील खालीच थांबले, दम लागतो म्हणे. आत घुमटाखालून गोल सज्जा. मथी आणि ताई चालत चालत पार समोर जाऊन बसल्या, इथून बाहुल्यांएवढ्या दिसत होत्या. रखवालदार म्हणाला, "साहेब, भिंतीला कान लावा. पलीकडं काडी ओढली तरी हितं ऐकू येतं." म्हटलं, बक्षिसीसाठी काहीही सांगतोस. तरी लावला.
ताईचा आवाज. अगदी कानात. "मथे, राहशील का गं आमच्यापाशी?"
मला हसू आलं. म्हटलं, आता कळेल बाईला.
"राहीन."
मग, "पण बाबांना तू सांग. मी सांगितलं तर ते हसतील."
"का हसतील गं?"
"ते सगळ्यांनाच हसतात."
रखवालदार विचारतो, "आलं का ऐकू, साहेब?" नाही म्हटलं. "परत लावा की कान." म्हटलं, नको. भिंत गार आहे.

ता. २३.
सकाळ. ताईनं पुरण शिजायला टाकलंय. दुपारी जेवणं झाली की मथीला सगळ्यांसमोर विचारायचं, संध्याकाळी गाडी. मी ऐकलं हे कुणालाही माहीत नाही.
आत्ता उठून हात धरला आणि "चल" म्हटलं तर येईल. सहा वर्षांची आहे, येईल. पोर माझी, पास माझा. अडवणार कोण, वकील? ते अडकित्ता शोधेपर्यंत आम्ही स्टेशनावर. पण शब्द देऊन बसलोय. आणि दिला तेव्हा काय तोऱ्यात दिला! गाढव.
ताईसुद्धा वाईट नाही. वाईट असती तर बरं झालं असतं.

मथी आलीये. पाटीवर गोल घुमट काढलाय. "बाबा, कसा झालाय?"
चुलीवर पालथी घातलेली हंडी. जिभेवर आलं होतं, गिळलं. चांगला म्हणावं, तर माझ्या तोंडून तेही टोमण्यासारखंच निघेल. तिची आई असती तर काय म्हणाली असती, तेही आठवत नाही. ती बोलायची तेव्हा मी मध्येच बोलत असायचो.
काही महत्त्वाचं लिहितोय असं दाखवून मान खाली घातलीये. ती गेलेली नाही. पाटी दोन्ही हातांनी धरून माझ्या तोंडाकडे बघत उभी आहे.