धाकट्याचं कुलूप

३ मार्च

विजेच्या जुन्या पॅनेलवरच्या आणखी दोन मोटरी आज नव्या पॅनेलवर घेतल्या. आता जुन्यावर एकच उरली — चुना कालवायच्या मोठ्या मिक्सरच्या ड्रमची. तिच्या स्विचला धाकट्याचं कुलूप आहे.

आमच्याकडे नियम असा — मशीनवर काम करणाऱ्याने वीज बंद करून स्विचला स्वतःचं कुलूप लावायचं, खाली स्वतःच्या फोटोची पाटी. काढायचं त्यानेच. धाकट्याने, माझ्या भावाने, डिसेंबरात कुलूप लावलं, संध्याकाळी कामावरून सुटला आणि बस स्टॉपवर छातीत कळ येऊन गेला. किल्ली सापडली नाही. नवी मोटर आत्ता कुठे आली, तोवर ड्रम बंदच होता, त्यामुळे कुणाचं काही अडलं नाही.

पाटीवर लिहिलंय — ‘माणूस कामावर आहे. चालू करू नका.’ वर त्याचा हसरा फोटो. मी रोज जाऊन बघतो.

४ मार्च

आज जायचं नाही असं ठरवलं होतं. गेलो.

५ मार्च

मॅनेजर म्हणाले, “आठ तारखेला ते कुलूप कापा. केबल नव्या पॅनेलला जोडायची, कंट्रोल रूममधून लगेच ड्रम फिरवून बघायचा. दुसऱ्या दिवशी जुनं पॅनेल भंगारात.”

मी म्हणालो, कापण्याआधी ज्याचं कुलूप त्याला फोन करावा लागतो. नाही आला तर मशीनपाशी जाऊन शोधावं लागतं.

“अहो, गेलेल्या माणसाला कुठे शोधणार? शोधलं म्हणून लिहून टाका!”

धाकट्याचा जोडीदार, फिटर, शेजारीच होता. “फोन करा की दादा. तिकडे रेंज आली असेल एव्हाना.”

कुणी हसलं नाही. तोच मग हत्यारांच्या कपाटात डोकं घालून काहीतरी शोधत राहिला. बराच वेळ.

मला एवढंच कळतं — कुलूप आहे तोवर तो कामावर आहे. कापल्यावर मी काय करू?

६ मार्च

फोन केला. जेवणाच्या सुट्टीत, जिन्याखाली उभा राहून. वाटलं होतं, बंद असेल. वाजला! भावजयीने उचलला. तो फोन ती अजून चार्ज करते, हे मला माहीत नव्हतं.

“दादा? ह्या नंबरवर?”

“नियम आहे,” म्हणालो. मग कुलपाचं सगळं सांगितलं.

“मग विचारा ना. काय विचारायचं असतं?”

“तू कुठे आहेस, असं.”

ती म्हणाली, “घरी नाही, असं लिहा.”

तिथेच पायरीवर बसलो.

७ मार्च

मॅनेजर — “उद्या तुम्हाला जमत नसेल तर तसं सांगा, दुसऱ्याला सांगतो.”

दुसऱ्याचा हात त्या कुलपाला लागू देणार नाही. पण माझा तरी कसा लागेल! दिवसभर कामात लक्ष नाही. एक केबल उलटी जोडली, फिटरने नीट केली.

८ मार्च

शोधायला गेलो. फिटर कटर घेऊन उभा, मॅनेजर घड्याळ बघताहेत. मी एकटा ड्रमच्या मागे. झाकण उघडं होतं. आत डोकं घालून मोठ्याने हाक मारली — “धाकट्या!”

आतून आवाज आला, “ओ!”

कंत्राटाचा नवा सफाईवाला. आत बसून चुन्याचे पोपडे खरवडत होता. स्वतःचं कुलूप लावलेलं नाही, कुणाला सांगितलेलं नाही. दंडाला धरून बाहेर ओढला.

“कुलूप होतं की साहेब,” तो म्हणाला. “फोटोतला तो माणूस कामावर आहे ना? महिनाभर आम्ही त्याच्याच भरवशावर आत जातोय.”

ड्रम पुन्हा आतून बघितला. रिकामा. मग कुलूप मीच कापलं.

घरी आलो. शर्टावर त्या माणसाच्या पंजांचा पांढरा चुना. शर्ट भिजवला, धुतला, दोरीवर वाळत टाकला.