उतरवून न काढलेली वही

पांढुर्णा,
रविवार, ता. १ डिसेंबर १९५७

अनुराधाबाईंस पंचफुलाचा नमस्कार.

वयानं पाहिलं तर मी आशीर्वाद लिहायले पाहिजे. तुम्ही सव्वीसच्या, मी त्रेचाळीसची. पण शिकवलं तुम्ही, म्हणून नमस्कारच. इकडे सगळे बरे आहेत. तुमच्या आईच्या पायाची सूज उतरली हे वाचून बरं वाटलं. लसणाचं तेल सोडू नका म्हणा, सूज उतरली की लोक तेल सोडतात अन् मग रडतात.

तुमचं कार्ड मंगळवारी भेटलं. पत्ता सौसरचा होता, पोस्टमननं इकडे माह्या बहिणीच्या घरी फिरवून दिलं. मी आता वच्छलाजवळच राहते. काहून, ते पुढं लिहिते.

आधी कामाचं. तुम्ही लिहिलं की आर्वीच्या तुमच्या शाळेत बालवर्गाची जागा निघाली, तिथल्या हेडबाईंजवळ माहं नाव सांगितलं, अन् आता सौसरच्या ऑफिसातून माह्या पासाचा कागद मागवून राहिल्या. मागवू नका. अर्ज लिहून ठेवला असन तर फाडून टाका. पोस्टात टाकला असन तर तार करा की चुकून गेला.

तुम्ही म्हणाल, पंचफुलाबाईचं हे नेहमीचं, आधी हुकूम अन् मग कारण. कारण सांगते. थोडा वेळ लागन.

इकडे यंदा संत्रा चांगला आहे. नत्थूजी, म्हणजे वच्छलाचा नवरा, बागेवर कामाले आहेत, तिथं मी पेट्या भरते. खाली गवत, मग फळ, मग गवत. दबलेलं फळ एक जरी गेलं तरी नागपूरपर्यंत सारी पेटी नासते, म्हणून प्रत्येक फळ हातात फिरवून पाहावं लागते. बसून काम आहे. पाठ दुखते, पण पाठ कोणाची दुखत नाही.

सौसरच्या शाळेची पाटी आता हिंदीत झाली. रघुनाथराव गुरुजी 'हम' म्हणायले शिकले. पेपर मात्र मराठीच वाचतात, अन् वर्गातच वाचतात. त्याईले दोन राज्यं झाली काय अन् चार झाली काय, खुर्ची तीच.

आठवते का, मले पहिले त्याईच्याच हाताखाली घातलं होतं. पंधरा दिवस मी त्याईच्या वर्गात बसली. पाठ कसा घ्यायचा विचारलं तर म्हणाले, "घ्या तुमच्या मनानं, सही मी करतो." मले सही नव्हती पाहिजे. चौथी शिकलेली विधवा बाई, तीही तीस वर्षांआधी रामाकोन्यात शिकलेली. बाया भेटत नव्हत्या म्हणून बालवर्गावर घेतलं, अन् वर्षभरात साहेबासमोर पाठ पास केला तर नोकरी, नाही तर घरी. मले शिकायचं होतं.

मग मी कोणाले न विचारता तुमच्या वर्गात येऊन उभी राहिली. म्हटलं, मले तुमच्याजवळ शिकायचं आहे. दुसरी कोणी असती तर आधी प्रेमलताबाईंची परवानगी आणा म्हणाली असती. हेडबाई त्या, त्याईचा मान मोठा. तुम्ही म्हणाल्या, "आधी मागं बसा, माझा पाठ पाहा आणि माझी चूक सांगा." मी पाहिला. अन् सांगितलं की तुम्ही पोरींसोबत नाही, फळ्यासोबत बोलता. मले वाटलं आता हाकलतील. तुम्ही हसल्या अन् ते वहीत लिहून घेतलं. त्याच दिवशी मी ठरवलं, शिकीन तर याच पोरीजवळ.

तुम्हाले 'पोर' म्हटलं, राग मानू नका. मनात तेच म्हणत होती.

माहा पाठ असला की तुम्ही खुर्चीवर कधी बसल्या नाही. शेवटच्या रांगेत, पोरींमध्ये, मांडी घालून. अन् वर्गातली सगळ्यात ढ पोर जे विचारन तेच मुद्दाम विचारायच्या. "बाई, पण पाचातून आठ जातच नाहीत, मग कशाला घालवता?" पोरी हसायच्या, मले घाम फुटायचा. शाळा सुटल्यावर मी म्हटलं होतं, चारचौघात माही फजिती काहून करता? तुम्ही म्हणाल्या, "मी विचारलं नाही तर ती पोर कधीच विचारणार नाही. ती नुसती बसून राहील आणि चौथीत नापास होईल." मग मी गप बसली. तुमच्यासमोर गप बसायची सवय मले तुम्हीच लावली.

अन् टाचण. आज काय शिकवणार, कोणता प्रश्न टाकणार, फळ्यावर काय काढणार, सगळं आधी वहीत पाहिजे. मले बोलता येते, लिहिता कुठं येते. एका ओळीले चूल विझून जाय. म्हणून तुम्हीच म्हणाल्या, तुम्ही बोला, मी लिहिते. शाळा सुटली की तिथंच ओसरीत मी तुरी सोलत बोलायची, तुम्ही लिहायच्या. मी म्हणायची, "मग ढ पोरीले उभी करीन," तर तुम्ही लिहायच्या, 'मंद विद्यार्थिनीस प्रश्न.' माहंच बोलणं, पण तुमच्या अक्षरात सजलेलं दिसे.

वच्छला जेवायले हाका मारून राहिली. दोनदा झालं. उरलेलं उद्या लिहिते.

सोमवार.

कालच लिहून होत होतं. जेवण झाल्यावरही वेळ होता. मी बसली नाही. लपवायचं काय त्यात.

वही. तुम्ही दर आठवड्याले एक गोष्ट सांगत होत्या, "पंचफुलाबाई, हे माझ्या अक्षरातलं चालणार नाही. रविवारी बसा आणि दुसऱ्या वहीत स्वतःच्या हातानं उतरवून काढा." मी हो म्हणत होती. तुम्ही विचारायच्या, उतरवलं का? मी म्हणायची, उतरवलं.

नाही उतरवलं. पहिली दोन पानं उतरवली, बस. एका पानाले सारी दुपार गेली. अक्षर असं, जसं कोंबडी चिखलातून गेली. तोच पाठ, पण माह्या हातचा वाचला तर भिकाऱ्यासारखा वाटे. मले संताप आला. या वयात पहिलीच्या पोरीसारखं गिरवायचं? वही मी फेकून दिली. अन् तुमच्या वहीच्या पुठ्ठ्यावर तुम्ही माहं नाव लिहिलं होतं, वेलबुट्टी काढून. माहं नाव इतकं चांगलं मी कुठंच पाहिलं नव्हतं, लग्नाच्या पत्रिकेतही नाही. तेच घेऊन मी शाळेत मिरवत होती.

राज्याचे दोन तुकडे झाले, तुम्ही आईपायी तिकडं मुंबई राज्यात जायचा फॉर्म भरला. मीच म्हटलं होतं, भरा. निघायच्या दिवशी तुम्ही गाडीच्या खिडकीतून विचारलं, "दुसरी वही पूर्ण आहे ना?" मी म्हटलं, "हो, किती वेळा विचारता? पाणी भरून घ्या, गाडी सुटन." तुम्ही हसल्या. ते शेवटचं.

मार्चमध्ये साहेब आले, नवे, जबलपूरकडचे. मी तुम्हाले कार्ड टाकलं होतं की पाठ छान झाला. ते खोटं नाही, बाई. हातच्याची वजाबाकी घेतली. चिंचोक्यांच्या दहा-दहाच्या पुरचुंड्या बांधल्या, सुटे चिंचोके वेगळे. रजनी आहे न, जिच्यासाठी तुम्ही ढ होऊन बसायच्या, तिले उभी केली. तेहतिसातून अठरा द्यायचे. तिनं तीन सुट्यांकडे पाहिलं, माह्याकडे पाहिलं, अन् म्हणाली, "बाई, सुटे पुरत नाहीत, पुरचुंडी सोडा न मंग." मी सांगितलं नव्हतं. तिचं तिनं काढलं. साहेब हसले अन् म्हणाले, "बहुत अच्छा." मी शेवटच्या रांगेकडे पाहिलं. तिथं तुम्ही नव्हत्या.

मग साहेब म्हणाले, "टाचण ऑफिस में ले आइए. हाथ का लिखा देखूँगा. पिछले स्कूल में किसी ने दूसरे का लिखा दिखा दिया."

वर्गापासून ऑफिसपर्यंत ओसरी केवढी, पंचवीस पावलं. तेवढ्यात मी तुमच्या अक्षरातल्या माह्या नावाचा पुठ्ठा वहीपासून फाडला अन् पोलक्यात घातला. बाकी वही टेबलावर ठेवली. साहेबानं चार पानं पाहिली, एक कोरा कागद दिला, म्हणाले, यातली एक ओळ लिहा. मी लिहिली. त्याईनं दोन्ही अक्षरं जवळ ठेवली. मग पानाखालची तुमची सही वाचली.

"ये अनुराधा बाई कहाँ हैं?"

प्रेमलताबाई म्हणाल्या, "त्या मुंबई राज्यात गेल्या. आर्वीले."

"कहीं भी गई हों, लिखना पड़ेगा. उम्मीदवार का टाचण खुद लिख दिया है तो उनकी सर्विस बुक में जाएगा."

त्याच्या आठ दिवस आधी तुमचं पत्र आलं होतं, की तिकडे कायम करायची यादी बनून राहिली, तुमचं नाव लागायचं आहे, लागलं नाही तर आई अन् दोन भाऊ घेऊन कुठं जाणार. मले तेवढंच आठवलं. मी म्हटलं, "त्याईनं नाही लिहून दिलं. ही त्याईची स्वतःची वही आहे. त्या गेल्या तेव्हा कपाटातून मी चोरली."

प्रेमलताबाईनं माह्याकडे पाहिलं. ओसरीत आपल्या दोघींले तुरी सोलताना त्याईनं किती वेळा पाहिलं होतं, एकदा तर ओंजळभर दाणे खाऊन गेल्या होत्या. त्या काही बोलल्या नाहीत. मी त्याईचे उपकार मानते.

साहेब म्हणाले, "सोच लीजिए." मी म्हटलं, सोचलं. "तो लिखकर दीजिए."

मग मी लिहून दिलं. 'मी अनुराधाबाईची वही चोरली. त्यांना माहीत नव्हतं.' किती वेळ लागला ते विचारू नका. साहेब थांबले, घाई केली नाही. बरा माणूस होता. वर्षभराच्या शिक्षणात माह्या हातचं तेवढं एकच लिखाण ऑफिसात आहे. खाली माही सही.

आता समजलं न, कागद कायले मागवू नका. तुम्ही मागवाल, ते फाइल काढतील, हा कागद तुमच्याकडे येईन. अन् मी तुम्हाले ओळखते. तुम्ही त्याच दिवशी खरं लिहून टाकाल की ती चोर नाही, मीच लिहून दिलं. मग तुमची नोकरी जाईन अन् माही काही परत येणार नाही. दोघींचं जाऊन कोणाचं भलं?

सौसरात दोन दिवसांत पसरलं. चोर म्हटल्याचं मी सोसलं असतं, मी काय कमी शिव्या खाल्ल्या आहेत जन्मात. पण बाजारात रजनी दिसली. पाटी घेऊन धावत आली, तिले काही दाखवायचं होतं. तिच्या आईनं दंडाले धरून ओढलं, "तिकडं नाही जायचं, त्या बाईनं शाळेत चोरी केली." पोरीनं पाटी मागं लपवली. मी चोरीन म्हणून, बाई. आठ दिवसांनी मी वच्छलाकडे आली.

तिनं पाटीवर काय लिहिलं होतं, ते मी पाहिलं नाही.

एक अजून लिहिते, नाही तर पोटात राहीन. मले तुमचा राग येत होता. सारा उन्हाळा येत होता. इतक्या हुशार तुम्ही, पोर न बोलता तिच्या मनातला प्रश्न ओळखणाऱ्या, एकदा म्हणायचं होतं, दाखवा ती दुसरी वही. एकदा. मी शिव्या देत का होईना, लिहिली असती. तुम्ही पाहिलं नाही. माह्यावर भरवसा ठेवला. पोरींवर तुम्ही इतका भरवसा कधी ठेवत नव्हत्या, पाट्या एकेक करून तपासत होत्या. मी मोठी म्हणून सोडलं. मले नव्हतं सोडायचं.

लिहून झालं. आता राग नाही. राग होता तोवर बरं होतं, आता नुसतं रिकामं वाटते. सकाळी शाळेची घंटा इथंही ऐकू येते. पेटीत फळ ठेवता ठेवता हात थांबतो, मग बागेवरचा माणूस ओरडतो.

आर्वीच्या जागेवर दुसरी बाई घ्या. चांगली भेटन. तिचं पहिलं पान घाण दिसन, दिसू द्या.

इकडे येऊ नका. मले लिहू नका, इथला पोस्टमन मूळ सौसरचाच आहे, तुमचं नाव ओळखन. तुमच्या आईले नमस्कार सांगा, बाकी काही सांगू नका. अन् कधी कोणी साहेबानं विचारलंच, तर तुम्ही म्हणा, हो, होती एक बाई, माझी वही चोरून नेली तिनं. आजच एकदा तोंडानं म्हणून पाहा, दार लावून. पहिल्यांदा जड जाते. मग जमते. मले जमलं.

तुमच्याच हाताखालची,
पंचफुला