कूलरसमोरच्या दोन बाटल्या

४ मे, सेनगाव

निषेध! त्रिवार निषेध! पाठशाळेत व्याकरण घोकून पुढे बातमीदारीत केस पिकवलेल्या एका गृहस्थाच्या अंगावरून घरातला एकुलता एक कूलर काढून घेण्यात आला असून तो दोन बाटल्यांकडे वळवण्यात आला आहे. बाहेर त्रेचाळीस. बाटल्यांना गार वारा, गृहस्थाला घाम. कूलरमध्ये पाणी मात्र गृहस्थानंच भरायचं!

बाटल्या प्रतिक्षाच्या. लेक काल गोव्याहून आली, ती ओल्या फडक्यात गुंडाळलेल्या या दोघींना मांडीवर घेऊनच. दोन्ही अर्ध्या. आत समुद्राचं पाणी, आणि डोळ्यांना न दिसणाऱ्या वनस्पती म्हणे; तापल्या की मरतात. रंग शिळ्या चहाचा. तळाशी बुळबुळीत साका. झाकणाच्या कडेनं खारट, कुजकट वास. शी!

६ मे

कनेरगाव नाक्याला हातपंपाचं उद्घाटन. पंपाला पाणी नाही, पुढाऱ्यांना हार आहेत. बातमीत ‘उत्साहात’ लिहिलं. स्वतःचीच किळस आली.

घरी आलो तर बाटल्या हलवायचं काम माझ्याकडे. “हळू बाबा! ताक न्हाई ते.”

७ मे

जेवताना म्हटलं, “दोन्हींत एकच घाण, मग बाटल्या दोन काहून?”

चिडली. मग सांगत बसली. मायक्रोस्कोपखाली दोन्ही वनस्पती हुबेहूब — एकाच साच्यातल्या काचेच्या होड्या जणू. पण एकत्र ठेवलं तर हिचं तिच्याशी जुळत नाही, पुढची पिढी होतच नाही. मूळ एकच, पण लाखो वर्षांपूर्वी वाटा फुटल्या. जाती दोन आहेत, असं प्रतिक्षा म्हणते. तिचे पीएच.डी.चे गाइड म्हणतात, दिसायला एक म्हणजे एकच. बाटल्या ओतून टाक, विषय बदल. तीन वर्षांची मेहनत या दोन बाटल्यांत. म्हणून पोरगी त्या उचलून घरी घेऊन आली.

मी म्हटलं, “तुझ्या साहेबांच्या लक्षणात अतिव्याप्तीचा दोष आहे बाई. कावळा काळा, म्हैस काळी — म्हणून म्हशीनं झाडावर बसायचं का?”

हसली. आल्यापासून पहिल्यांदा.

साहेबाची मात्र शिसारी आली. न वाढवता, न तपासता ‘ओतून टाक’!

८ मे

शेजारचे हरिचंद बाटल्यांभोवती घुटमळत होते. “शुगरवर चालती का ही दवा? चमचाभर द्या की.” द्यावीशी वाटली.

१० मे

घात झाला.

प्रतिक्षा हिंगोलीला गेली होती. आमच्या सौभाग्यवती मनकर्णाबाईंच्या स्वयंपाकघरात दोन अर्ध्या बरण्या कधी नांदल्या नाहीत. लोणचं असो, तेल असो, एकीचं दुसरीत जातंच. आज बाटल्यांचं तेच झालं.

“दोन्हीत तेच तर व्हतं! उगं जागा अडवून राहिल्या व्हत्या. एकीत ओतलं, दुसरी इसळून उपडी घातली. बराबर मावलं बी.”

प्रतिक्षा ओरडली नाही. बाटली उजेडात धरून बघत राहिली. मग म्हणाली, “असू दे आई. साहेब बी हेच म्हणतात.”

काय झालं ते कळल्यावर आई रडली. लेक नाही.

११ मे

“पुन्हा वेगळ्या नाही का करता येणार?”

“येतील. एकेक पेशी उचलायची, वाढवायची, तपासायची. पण ते लॅबमधी.”

“मग जा की!”

“कशाला बाबा?”

परतीचं तिकीट कधीचं, विचारलं. काढलंच नाही.

आज बाटली तिनं हलवली नाही. मी हलवली. दोन्ही हातांनी, हळू. साका वर उठला. तोच कुजकट वास — तरी हलवली.

१३ मे

दुपारी आडवा झालो तर अंगावर गार वारा! प्रतिक्षानं कूलर माझ्याकडे फिरवून ठेवलाय. बाटली खिडकीत, उन्हात.

उठलो. बाटली उचलून जागेवर ठेवली, कूलर तिच्याकडे वळवला.

भीती वाटते. पोरीला आता साहेबच खरे वाटू लागलेत.