वुडलँड्सची टाळेबंदी

वुडलँड्स, सिंगापूर
१६ ऑक्टोबर २०११

ती. पद्माकरमामांस,

धनेशचा साष्टांग नमस्कार. मामींना वेगळा नमस्कार, कारण एकत्र घातलेला त्यांना पोचत नाही. तुमचं ब्लडप्रेशर आता खाली आलं असेल अशी आशा करतो. ते माझ्यामुळेच वर गेलं, असं आईने फोनवर तीनदा सांगितलं. तेव्हा आधी खुलासा. माझी नोकरी शाबूत आहे. पाया लेबारचं ऑफिस उघडं आहे आणि मी रोज तिथे जाऊन (नाइलाजाने) काम करतो. मामींना मी फोनवर "आमच्याकडे टाळेबंदी झाली" म्हणालो, ती बास्केटबॉलची. तुम्ही चिंचवडला अकरा महिने कारखान्याच्या गेटवर बसलेला माणूस. टाळेबंदी म्हटल्यावर तुम्हाला चेंडू कसा आठवणार? चाकणला माझ्यासाठी जागा बघायला ज्यांना पाठवलंत, त्यांना परत बोलवा. मामींनी गणपतीला बोललेला नारळ मात्र फोडून टाका. देवाला पुन्हा खुलासा करत बसायला नको.

झालं ते असं. इथल्या मराठी मंडळींची सहा संघांची लीग आहे. त्यात आमचा संघ सर्वांत जुना, सरासरी वय एकोणपन्नास. तिकडे अमेरिकेतली मोठी लीग जुलैपासून बंद आहे, मालकांचं आणि खेळाडूंचं जमेना म्हणून. ते वाचून आमच्या कमिटीचा अध्यक्ष प्रबोध याच्या अंगात आलं. त्याने नियम काढला की पंचेचाळीस पूर्ण झालेल्या प्रत्येकाने डॉक्टरची चिठ्ठी आणावी. मी कॅप्टन या नात्याने उभा राहून सांगितलं की हा अपमान आहे, आमच्यातला एकही चिठ्ठी आणणार नाही. भाषण चांगलं झालं. प्रबोधने लीग बंद केली. (कुलूप कुठे लावलं, असं तुम्ही विचाराल. कोर्ट आमच्या इमारतीच्या खालचं, सार्वजनिक, त्याला दारच नाही. प्रबोध चेंडूंची पिशवी घरी घेऊन गेला, हीच टाळेबंदी. दुसरा चेंडू विकत घेता आला असता, पण मी तुमचा भाचा आहे, फितुरी करणार नाही.)

आता म्हाताऱ्या संघावर टाळेबंदीचा परिणाम काय, याबद्दल आमच्यात दोन मतं आहेत. एक मत माझं, की विश्रांती मिळते, सांधे सुखावतात आणि मोसम लहान झाला की म्हाताऱ्यांचाच फायदा. दुसरं मत निशिकांतचं. तो जहाजावरचा इंजिनीअर, वय चोपन्न. तो म्हणतो, बंद ठेवलेलं जुनं इंजिन पुन्हा चालू करताना जास्त रडतं. त्याचं घोडं वेगळ्या ठिकाणी अडलं आहे. एकतीस डिसेंबरला त्याचं काँट्रॅक्ट संपतं आणि तो कायमचा दापोलीला जातो. अठरा वर्षं आम्ही एकत्र खेळलो. जाण्यापूर्वी त्याला एक शेवटची मॅच हवी आहे. बाकी काही मागत नाही. रोज एवढंच विचारतो, "काय रे, उघडलं का?"

म्हणून सराव सोडलेला नाही. चेंडूला हात लावायचा नाही, तेव्हा चेंडूशिवाय सराव करतो. पाच प्रौढ पुरुष हवेत पास देतात, हवेतला पास चुकतो, मग तो कोणामुळे चुकला यावरून भांडतात. पहिल्या दिवशी तिसऱ्या मजल्यावरची एक चिनी आजी हा ताई-चीचा वर्ग समजून मागे येऊन उभी राहिली. आता नियमाने येते. बचावात ती आमच्या सगळ्यांपेक्षा बरी आहे. चैत्रालीने खिडकीतून सगळं पाहिलं आणि इथल्या इंग्रजीत म्हणाली, "बाबा, विथ बॉल, विदाउट बॉल, सेम सेम लाह." मुलांना इथल्या शाळेत घातल्याचा हा फायदा, अपमान थोडक्यात होतो.

बाकी सर्व ठीक. तुमची भाचेसून अनघा मजेत आहे. मामींच्या हातच्या मेतकुटाची वाट पाहतो.

तुमचा भाचा,
धनेश

ता. क. खरं काम राहिलंच. मामा, टाळेबंदी लांबवायची कशी, ते कळवा. उठवायची नव्हे, लांबवायची. भाषण ठोकलं त्याच्या आदल्या दिवशी मी गुपचूप जुरोंग ईस्टला एका डॉक्टरकडे जाऊन आलो होतो. त्याने उजव्या गुडघ्याचा एक्स-रे पाहिला आणि खेळ कायमचा बंद म्हणून सांगितलं. अनघाला माहीत नाही. लीग बंद आहे तोवर मी कॅप्टन आहे, उघडली की बाकावर बसून टाळ्या वाजवणारा. डिसेंबर संपेपर्यंत ताणलं तर मोसमच बुडेल, कोणाला काही सांगावं लागणार नाही. यात निशिकांतची मॅच जाते, हे मला कळतं. लाज वाटते. पण कळवा.

ता. क. २. पाकीट चिकटवणार एवढ्यात प्रबोध घरी येऊन गेला. परवा त्याला पंचेचाळीस पूर्ण झाली, काल तो स्वतः चिठ्ठी आणायला गेला आणि आज अट बिनशर्त मागे घेतली. डॉक्टर काय म्हणाले ते त्याने सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. म्हणजे आम्ही जिंकलो. निशिकांत धावत आला, मला घट्ट धरलं आणि "तू होतास म्हणून" एवढं म्हणून रडायलाच लागला. मामा, मला तोंड वर करवेना. येत्या रविवारी सकाळी मॅच आहे. मी खेळणार. पाचव्या मिनिटाला पडलो तरी चालेल, पहिला पास त्याला मीच देणार. हे पत्र तुमच्या हाती पडेल तेव्हा मॅच होऊन गेलेली असेल. म्हणूनच फोन न करता पोस्टाने पाठवतो आहे.